फांसा आणि मनगट

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं संध्याकाळचा एक देखावा आतां नित्याचा झाला आहे. दिवाणखान्यांतील पडद्यासमोर घरांतील मुलगा किंवा मुलगी हातांत कंट्रोलर घेऊन बसलेली असते, पडद्यावर चिलखत घातलेला कोणी वीर एखाद्या अक्राळविक्राळ राक्षसाशीं झुंजत असतो, आणि वडील मंडळी चहाचा पेला हातांत धरून क्षणभर दारांत थबकतात, "अजून हें चाललेंच आहे का?" असें विचारतात आणि उत्तराची वाट न पाहतां आंत जातात. आम्हीही कित्येक वर्षें असेच आंत जात होतों. गेल्या पावसाळ्यांत एकदां मात्र आम्ही थांबलों आणि पुतण्याच्या शेजारीं जाऊन बसलों. त्यानें राक्षसास अखेर लोळविलें तेव्हां तो आनंदानें ओरडला, "मारला!" त्या एका शब्दानें आम्हांस विचारांत पाडलें. मारला खरा, पण कोणीं मारला? पडद्यावरच्या वीरानें, कीं गादीवर मांडी घालून बसलेल्या आमच्या पुतण्यानें?

प्रश्न पोरकट दिसेल. परंतु या खेळांचा इतिहास आम्हीं पुढें जिज्ञासेनें धुंडाळला, तेव्हां असें आढळून आलें कीं, ते रचणारे मोठमोठे कारागीरही याच प्रश्नाभोंवतीं फिरत आले आहेत, आणि प्रत्येक पिढीनें त्याचें उत्तर निराळें दिलें आहे. त्या भांडणाची हकीकत वाचकांपुढें ठेवावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ज्या खेळांविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांस 'ॲक्शन रोल-प्लेइंग गेम' असें म्हणतात. 'रोल-प्लेइंग' म्हणजे दुसऱ्याची भूमिका घेणें. 'ॲक्शन' म्हणजे प्रत्यक्ष हालचाल. हें लग्न मुळांतच विजोड आहे. भूमिका घ्यावयाची तर वीराचें बळ हें वीराचें असावयास पाहिजे, खेळणाराचें नव्हे. नाटकांत भीमाचें काम करणाऱ्या नटास खरोखरीची गदा पेलतां आलीच पाहिजे असा आग्रह कोणी धरीत नाहीं. उलट हालचाल म्हटली कीं ज्याचें मनगट चपळ त्याची सरशी, मग तें मनगट बारा वर्षांच्या पोराचें असलें तरी चालेल. पहिल्या मताचे लोक वीराचें सामर्थ्य आंकड्यांत मांडतात आणि वार लागला कीं हुकला याचा निर्णय फांशावर सोडतात. दुसऱ्या मताच्या लोकांस फांसा मध्यें नकोच असतो. हे दोन पक्ष एका घरांत कसे नांदले, हीच या खेळांची कथा.

या वंशाचा मूळपुरुष शोधावयाचा तर संगणक बाजूस सारून टेबलाकडे गेलें पाहिजे. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं युद्धाच्या शिक्षणासाठीं नकाशावर खेळावयाचा एक खेळ सिद्ध केला. युद्धांत शौर्याइतकाच योगायोगाचाही वाटा असतो हें जाणून त्यानें चकमकींचा निकाल फांशांवर सोंपविला. आमच्या सारीपाटांतही फांसे आहेत. पण तेथें फांसा सोंगटीनें किती घरें चालावें एवढेंच सांगतो. प्रशियांत तो कोण मेलें आणि कोण जगलें हें सांगूं लागला. पुढें हा लष्करी खेळ हौशी लोकांच्या हातीं आला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत लेक जिनीव्हा या गांवीं राहणारे गॅरी गायगॅक्स यांनीं जेफ पेरेन यांच्या साहाय्यानें १९७१ सालीं 'चेनमेल' नांवाची मध्ययुगीन लढायांची नियमावलि काढली, आणि १९७४ सालीं डेव्ह आर्नसन यांच्याबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा सुप्रसिद्ध खेळ प्रसिद्ध केला.

या खेळांत एक लहानशी दिसणारी युक्ति आहे, आणि पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे. पटावरच्या लढाईंत एक शिपाई एका घावानें मेला तर कोणास वाईट वाटत नाहीं, कारण दुसरे शेंकडों असतात. परंतु आर्नसन यांच्या मंडळींत प्रत्येक गडी एकाच वीराची भूमिका घेऊन महिनोन्‌महिने खेळे. त्यास नांव देई, त्याचा संसार मांडी. असा जिवाभावाचा वीर एका दुर्दैवी फांशानें मरावा हें कोणास रुचेना. म्हणून वीरास कांहीं ठराविक अंक देण्यांत आले. घाव बसला कीं त्यांतून कांहीं वजा होत, आणि शून्य झालें म्हणजे मरण. यांसच 'हिट पॉइंट' म्हणतात; आम्ही त्यांस प्राणांक म्हणूं. वीस बाजूंचा फांसा टाकावयाचा; शत्रूचें चिलखत जितकें भारी तितका मोठा अंक पडला पाहिजे; पडला तर दुसऱ्या फांशानें घावाचें माप ठरवावयाचें. प्रत्येक विजयाबरोबर अनुभवाचे अंक वाढत, आणि काल ज्याच्यापुढें पळ काढला त्यासच आज वीर सहज लोळवी. गायगॅक्स यांनीं पुढें असाही खुलासा केला कीं, प्राणांक म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. त्यांत वीराचें कौशल्य, दैव आणि वार चुकविण्याची हातोटीही येते.

या व्यवस्थेंत एक प्रकारची माणुसकी आहे, ती आमच्या मतें पुरेशी ओळखली गेलेली नाहीं. टेबलाशीं बसलेला मनुष्य दमेकरी असो, म्हातारा असो, त्याच्या बोटांना कंप असो. त्याचा वीर मात्र बलाढ्य असूं शकतो. फांसा कोणाचें तोंड पाहत नाहीं. खेळणारानें विचार करावा, निवड करावी, धोका पत्करावा, आणि मनगटाचें काम वीरावर सोंपवावें, असा हा करार होता.

संगणकानें हा करार प्रथम जसाच्या तसा उचलला. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकजालावर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनीं असले खेळ रचले. १९८१ सालीं 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' आले. जपानांत १९८६ सालीं 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. या सर्वांत लढाई म्हणजे अंकांचा हिशेब. यंत्र फांसे टाकी, खेळणारा आपली पाळी आली कीं आज्ञा देई, आणि मग शत्रूची पाळी. घाई कसलीच नाहीं.

मनगटाचा प्रवेश झाला तो जपानांत, १९८४ सालीं. त्या एका वर्षांत तीन खेळ निघाले. नाम्को कंपनीचा 'द टॉवर ऑफ ड्रुआगा' नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रावर आला. त्याचा नायक साठ मजल्यांचा बुरुज चढतो. बटण दाबून धरलें म्हणजे तो तलवार उपसतो आणि त्याची ढाल पुढून बाजूस जाते, म्हणजे वार करण्याची तयारी आणि स्वतःचें रक्षण या दोहोंतून एकच साधतें. टी अँड ई सॉफ्टच्या 'हायडलाइड' या खेळांत व निहॉन फाल्कमच्या 'ड्रॅगन स्लेयर' मध्यें तलवार चालविण्यासाठीं निराळी खटपटच नव्हती. शत्रूच्या अंगावर चालून गेलें कीं झुंज झाली! अंकांचा हिशेब आंतल्या आंत चाले. बाहेरून पाहणारास दोन लहान आकृति एकमेकींस ढुशी मारतांना दिसत. आज हें हास्यास्पद वाटतें, पण तेव्हां लोकांस याचें वेड लागलें. 'ड्रॅगन स्लेयर' चा दुसरा भाग 'झनाडू' १९८५ सालीं निघाला त्याच्या जपानांत चार लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि तोही घरगुती संगणकावर.

या ढुशींत कला उत्पन्न केली फाल्कमच्याच १९८७ सालच्या 'ईस' या खेळानें. शत्रूस समोरासमोर धडकलें तर दोघांसही इजा होई. परंतु अर्ध्या अंगानें बाजूस सरकून कडेस धडक दिली तर शत्रूच तेवढा घायाळ होई. एवढ्याशा नियमानें खेळाचें स्वरूप पालटलें. कोठें आणि कोणत्या कोनांतून भिडावें याचा विचार आतां वीराचे अंक करीत नसून खेळणाराचा डोळा करूं लागला. तथापि अंकही निकामी झाले नाहींत. अनुभव पुरेसा नसेल तर कितीही तिरपें धडकलें तरी बलिष्ठ शत्रूपुढें निभाव लागत नसे. आमच्या मतें फांसा आणि मनगट यांचा पहिला खरा तह तो हाच. निन्टेन्डो कंपनीचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' १९८६ सालीं आला होता खरा, पण त्यांत अनुभवाचे अंक नव्हतेच. तो मनगटाच्या पक्षाचा. स्क्वेअर कंपनीच्या १९९३ सालच्या 'सीक्रेट ऑफ माना' नें आणखी एक तोड काढली. एक वार केला कीं वीराचा जोर शून्यावर येई आणि पडद्यावर तो टक्क्यांनीं पुन्हां वाढतांना दिसे. शंभर होईपर्यंत जो थांबेल त्याचाच वार भरदार. म्हणजे पाळी परत आली, पण आतां ती वीराच्या श्वासांत लपली होती.

अमेरिकेंत मात्र पाळीचा अभिमान बराच काळ टिकला. त्याच्या शेवटाची हकीकत मोठी रंजक आहे. कॅलिफोर्नियांतील एका लहानशा कंपनींत डेव्हिड ब्रेव्हिक हे 'डायब्लो' नांवाचा खेळ रचीत होते. त्यांच्या डोळ्यांपुढें १९८० सालचा 'रोग' आणि त्याच्या घराण्यांतले खेळ होते. त्यांत एक पाऊल खेळणारानें टाकावें, मग एक राक्षसानें. 'डायब्लो' ही तसाच पाळीचा होता. प्रकाशक ब्लिझर्ड कंपनीचा आग्रह पडला कीं, पाळी काढून टाका आणि लढाई सतत चालूं द्या. ब्रेव्हिक यांस तें पटेना. मंडळींत मतें घेतलीं गेलीं तीं त्यांच्या विरुद्ध पडलीं. काम फार मोठें आहे असें त्यांनीं वरिष्ठांस कळविलें, आणि मग एका शुक्रवारीं दुपारीं बसून अवघ्या कांहीं तासांत तें उरकलें. त्यांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे कीं, पडद्यावरच्या सांगाड्यावर त्यांनीं बोट दाबलें, वीर चालत गेला आणि त्यानें एका तडाख्यांत सांगाड्याचा चुराडा केला, तेव्हां आपण कांहीं विलक्षण पाहत आहों हें त्यांस तत्काळ उमगलें.

१९९६ आणि १९९७ यांच्या सांध्यावर 'डायब्लो' प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पण वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ब्रेव्हिक यांनीं फांसा काढला नव्हता. वीराचा वार लागेल कीं नाहीं हें अद्यापि अंकांवरच ठरत होतें. पाळ्याही खऱ्या अर्थानें गेल्या नव्हत्या, त्या डोळ्यांस दिसूं नयेत इतक्या जलद पडूं लागल्या होत्या. बोट मात्र सारखें चालूं राहिलें, आणि बोट चाललें कीं मनास वाटतें, मींच मारलें. हा एक गोड भ्रम आहे. तो निर्माण करण्याचें कसब कमी दर्जाचें आहे असें आम्ही मानीत नाहीं.

भ्रम टिकतो तो वीर लहान आणि दूर असेपर्यंतच. वरून पाहतांना मुंगीएवढा दिसणारा गडी राक्षसावर काठी उगारतो. ती लागली कीं हुकली हें डोळा तपासीत बसत नाहीं. परंतु चित्रांस खोली आली, जग तिन्ही दिशांनीं उघडलें, आणि तलवारीचें पातें शत्रूच्या खांद्यास शिवलें कीं नाहीं हें स्पष्ट दिसूं लागलें, तेव्हां फांशाची अडचण झाली. या अडचणीचा पुरावा म्हणजे अमेरिकेंतील बेथेस्डा कंपनीचा २००२ सालचा 'मोरोविंड'. हा खेळ विस्तारानें आणि कल्पकतेनें अपूर्व. त्याचे भक्त आजही आहेत. त्यांत खेळणारा वीराच्याच डोळ्यांनीं जग पाहतो. नवखा वीर हातांत सुरी घेऊन उंदरावर धांवतो; सुरी उंदराच्या अंगांतून आरपार जातांना दिसते, आणि उंदीर ठणठणीत! कारण आंत फांसा पडला आणि तो उलटा पडला. वीर धांवून दमलेला असला तर फांसा आणखीच रुसतो. शास्त्र म्हणून हें निर्दोष आहे, अशिक्षित हाताचे वार हुकणारच. पण डोळा म्हणतो लागला आणि यंत्र म्हणतें हुकला, अशा वादांत माणूस डोळ्याचीच बाजू घेतो. २००६ सालीं त्याच मालिकेंतील 'ऑब्लिव्हियन' आला, त्यांत शिवलेला प्रत्येक वार लागूं लागला. वीराच्या शिक्षणावर फक्त घावाचें माप ठरूं लागलें. टेबलावर ज्यानें राज्य केलें त्या फांशास येथें सिंहासनावरून उतरून खजिनदाराचें काम पत्करावें लागलें.

खोलीच्या जगांत मनगटासही अडचण होतीच. सपाट चित्रांत शत्रूकडे तोंड करणें सोपें. तिन्ही दिशांच्या जगांत तो बाजूस सरकला कीं तलवार भलतीकडेच चालते. यावर उपाय शोधणारी मंडळी निन्टेन्डोचीं माणसें होतीं, आणि उपाय सांपडला तो नाटकांत. 'ऑकरिना ऑफ टाइम' हा झेल्डा मालिकेंतील खेळ रचतांना तोरु ओसावा, योशिआकी कोइझुमी वगैरे मंडळी क्योतो शहरांतील तोएई चित्रसंस्थेच्या उद्यानांत गेलीं होतीं. उन्हाच्या तडाख्यापासून जरा विसांवा म्हणून तीं एका नाट्यगृहांत शिरलीं. रंगभूमीवर निंजांची झुंज चालली होती. एकानें साखळी बांधलेला विळा फेंकला, नायकानें ती साखळी आपल्या हातावर झेलली, आणि साखळी ताठ धरून विळेवाला त्याच्याभोंवतीं वर्तुळांत फिरूं लागला. ओसावांच्या मनांत आलें, हेंच पाहिजे होतें! एक बटण दाबलें कीं वीर आणि शत्रू यांच्यामध्यें अदृश्य साखळी ताणली जावी, आणि मग वीर कोठेंही सरकला तरी त्याचें तोंड शत्रूकडेच राहावें. १९९८ सालीं खेळ निघाला त्यांत ही साखळी होती, आणि कोणावर नजर लागली आहे तें दाखविण्यास एक लहानशी परी त्या शत्रूवर घिरट्या घाली. पुढें या जातीच्या जवळजवळ सर्व खेळांनीं ही युक्ति उचलली.

त्याच रंगभूमीवर कोइझुमींनीं आणखी एक गोष्ट टिपली. एक नायक वीस जणांना कसा पुरा पडतो? तर एक जण चालून येतो तेव्हां बाकीचे नुसते पवित्रे घेत थांबतात. खेळांतही तसेंच करण्यांत आलें. म्हणजे ज्या पाळीस ब्रेव्हिक यांनीं दोन वर्षांपूर्वीं पुढच्या दारानें निरोप दिला, ती क्योतोच्या नाट्यगृहाच्या मागच्या दारानें पुन्हां आंत आली. आमच्याकडील नाटकांतल्या आणि चित्रपटांतल्या मारामाऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हा शिष्टाचार नवा नाहीं.

आतां आम्ही त्या पावसाळी संध्याकाळकडे वळतों, कारण पुतण्या खेळत होता तो खेळ या इतिहासांतील मोठें वळण आहे. टोकियो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनींत हिदेताका मियाझाकी यांच्या देखरेखीखालीं २००९ सालीं 'डेमन्स सोल्स' आणि २०११ सालीं 'डार्क सोल्स' निघाला. पहिल्याचें नशीब प्रथम खोटें ठरलें. प्रकाशक सोनी कंपनीचे अधिकारी शुहेई योशिदा यांनीं तो दोन तास खेळून पाहिला, आरंभाच्याच भागांत ते अडकून पडले, आणि त्यांचें मत अगदीं वाईट झालें. सोनीनें तो जपानाबाहेर आपण होऊन काढला नाहीं. दुसऱ्या प्रकाशकांनीं काढला आणि तोंडोतोंडीं त्याची कीर्ति झाली. योशिदांनीं ती चूक पुढें मोकळेपणानें कबूल केली, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे.

या खेळांत वार म्हणजे एक बांधिलकी आहे. बटण दाबलें कीं शस्त्र उगारलें जातें, मग पडतें, मग हात सावरतो. या तिहींपैकीं एकाही टप्प्यावर माघार घेतां येत नाहीं. मोठी कुऱ्हाड असेल तर उगारण्यास इतका वेळ जातो कीं तेवढ्यांत शत्रू दोन घाव घालतो. शेजारीं एक हिरवी पट्टी असते, ती वीराच्या दमाची. वार, ढालीवर झेललेला घाव, मारलेली कोलांटी, प्रत्येक गोष्ट दम खाते, आणि दम संपलेला वीर उघडा पडतो. कोलांटींत अर्ध्या सेकंदापेक्षांही कमी असा एक क्षण असतो, त्या क्षणीं शत्रूचें शस्त्र अंगावरून गेलें तरी लागत नाहीं. सगळी विद्या तो क्षण साधण्यांत आहे. मेल्यावर जवळची सर्व कमाई मेल्या जागीं पडून राहते. परत जाऊन उचलली तर आपली, वाटेंत पुन्हां मेलें तर कायमची गेली.

आम्हीं कंट्रोलर हातीं घेतला. 'डार्क सोल्स' च्या आरंभीं एका पडक्या बंदिगृहांत हातांत मोडक्या तलवारीची मूठ घेतलेल्या वीरासमोर एक प्रचंड राक्षस उभा ठाकतो. आम्ही शूरपणें लढलों आणि मेलों. पुन्हां लढलों, पुन्हां मेलों. सातव्या वेळीं पुतण्या हलकेंच म्हणाला, "काका, तुम्ही त्याच्याकडे बघतच नाहीं. तुम्ही फक्त बटणं दाबतां. डावीकडे दार आहे, पळा." आम्ही पळालों. पुढें ढाल आणि धड शस्त्र मिळालें, वरच्या सज्ज्यावरून राक्षसाच्या डोक्यावर उडी घेतां आली, आणि आणखी कांहीं मरणांनंतर तो पडला. त्या वेळीं आमच्या वीराचे अंक होते तेवढेच होते. बदल झाला होता तो आमच्यांत: राक्षसानें गदा खांद्यामागें नेली कीं किती वेळानें ती पडते हें आमच्या हातास कळूं लागलें होतें. "मारला!" असें आम्हीही ओरडलों, आणि त्या 'मारला' चा कर्ता कोण याविषयीं आम्हांस त्या क्षणीं तिळमात्र शंका नव्हती.

तरीही 'डार्क सोल्स' नें अंक टाकलेले नाहींत. जो अडतो त्यानें अन्यत्र जाऊन कमाई करावी, बळ वाढवावें, जड चिलखत घालावें, किंवा दुसऱ्या एखाद्या खेळाडूस मदतीस बोलवावें. ही वाट उघडी आहे. मंद हाताच्या माणसास अंक हा येथें आधार आहे. मियाझाकी यांनींच २०१९ सालीं 'सेकिरो' काढला, त्यांत हा आधार बहुतेक काढून घेतला. तेथें अनुभवानें प्राणांक वाढवितां येत नाहींत. शत्रूचा वार नेमक्या क्षणीं तलवारीवर परतवावयाचा, असें करीत त्याचा तोल मोडावयाचा, आणि तोल गेला कीं एक निर्णायक घाव. तलवारीवर तलवार आपटण्याचा ठेका साधला तर संगीत, न साधला तर मरण. जाणत्यांनीं त्यास त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून गौरविलें. आमच्या पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें २०२० सालीं काढलेला 'राजी' हाही, त्यास शुद्ध भूमिका-खेळ म्हणतां येत नसलें तरी, मनगटाच्याच बाजूचा. त्यांतील सर्कशींत वाढलेली मुलगी त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन असुरांशीं लढते ती आंकड्यांच्या जोरावर नव्हे, आपल्या उड्यांच्या आणि गिरक्यांच्या जोरावर.

'सेकिरो' निघाला आणि मोठा वाद माजला. ज्यांचीं बोटें आजारानें किंवा वयानें मंद झालीं आहेत त्यांनीं काय करावें? खेळांत एक सोपी वाट ठेवावी असें एका पक्षाचें म्हणणें. सोपी वाट ठेवली तर शिखर शिखरच राहत नाहीं असें दुसऱ्याचें. या वादांत आम्ही दोन्हीकडे ओढले जातों. सातव्या मरणानंतर जो आनंद आम्हांस झाला तो सोप्या वाटेनें झाला नसता, हें आम्ही नाकारूं शकत नाहीं. पण १९७४ सालच्या त्या टेबलाशीं ज्या कंप सुटलेल्या हातास मानाची जागा होती, त्यास पन्नास वर्षांनीं दाराबाहेर उभें करावें, हेंही मनास लागतें. ज्या जातीच्या खेळाचें नांवच दुसऱ्याची भूमिका घेणें, तिनें तरी हें करूं नये.

कारागिरांस याची जाणीव नाहीं असें नाहीं. फ्रॉमसॉफ्टवेअरनेंच २०२२ सालच्या 'एल्डन रिंग' मध्यें झुंजींत साथ देणारे मृतात्मे दिले. स्क्वेअर एनिक्सच्या २०२३ सालच्या 'फायनल फँटसी १६' मधील तोड तर आम्हांस फारच आवडली. या खेळाच्या झुंजी रचण्यास त्यांनीं कॅपकॉम या मनगटबहाद्दर कंपनींत तयार झालेले र्‍योता सुझुकी यांस आणलें; आणि मग खेळणारास कांहीं अंगठ्या दिल्या. एक अंगठी घातली कीं शत्रूचा वार पडण्याच्या वेळीं काळ मंद होतो. दुसरी घातली कीं वीर आपण होऊन वार चुकवितो. तिसरी घातली कीं एकच बटण दाबीत राहिल्यास वीर नाना प्रकारचे डाव आपोआप खेळतो. अंगठ्या बोटांतच घालावयाच्या असतात. बोटांचें उणें बोटांतल्या अंगठीनें भरून काढावें यांत आम्हांस मोठें औचित्य दिसतें.

आणि फांसा? तो गेला असें सर्वांनीं धरून चाललें असतां त्याच २०२३ सालीं बेल्जममधील लेरियन कंपनीचा 'बाल्डर्स गेट ३' निघाला. त्यांत पाळी आहे, प्राणांक आहेत, आणि वीस बाजूंचा फांसा चक्क पडद्यावर गडगडतो. वार करण्यापूर्वीं तो लागण्याचा संभव शेंकडा किती हें खेळ आधींच सांगतो, आणि हुकला तर शत्रू अंग चोरतांना दिसतो. 'मोरोविंड' चें चुकलें तें फांसा ठेवण्यांत नव्हे, फांसा लपविण्यांत, असें आम्हांस हा खेळ पाहून वाटलें. जगभर तो अफाट खपला.

अलीकडे, २०२५ सालीं, फ्रान्सांतील माँपेलिए येथील सँडफॉल या नव्या मंडळीचा 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' आला आहे. त्यांत आपली पाळी असते तेव्हां स्वस्थ विचार करून आज्ञा द्यावयाची. शत्रूची पाळी आली कीं मात्र त्याचा वार नेमक्या क्षणीं बटण दाबून चुकवावयाचा किंवा परतवावयाचा. आमच्या घरीं हल्लीं जेवणें झाल्यावर हाच खेळ चालतो. आमची पाळी असतां कोणावर कोणतें अस्त्र टाकावें हें आम्ही चष्मा पुसून ठरवितों. शत्रूची पाळी आली कीं कंट्रोलर पुतण्याच्या हातांत देतों.